दुचाकीस्वाराचे मरण कोणाच्या खाती?

मराठी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एक चारओळी बातमी जवळजवळ रोज असते : ‘मोटारीच्या धडकेत दुचाकीस्वार ठार’. या वाक्याची रचना पाहण्यासारखी आहे. धडक देते ती मोटार. मरतो तो माणूस. मोटारीत कोणी बसले होते, त्याचा हात कशावर होता आणि डोळे कोठे होते, याचा पत्ता त्या चार ओळींत लागत नाही. दरड कोसळावी, वीज पडावी, तशी मोटार आली. पुढे ‘काळाने घाला घातला’ ही वार्ताहरांची आवडती शब्दयोजना ठरलेलीच. पण काळाच्या हातात मोबाइल नसतो. तो मोटारचालकाच्या हातात असतो, आणि तो हातात घ्यावा की नाही हे त्याने स्वतः ठरविलेले असते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७५ हजार, म्हणजे शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरील होती. मोटारीत बसलेल्याच्या भोवती पोलादी पिंजरा असतो, पट्टा असतो, अलीकडे फुगणाऱ्या पिशव्याही असतात. दुचाकीवरील माणसाभोवती सदरा असतो. हा फरक यंत्राचा आहे, तसाच तो उत्पन्नाचाही आहे. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणारा, पाळी सुटल्यावर औद्योगिक वसाहतीतून परतणारा, मुलीला शाळेत सोडून पुढे कामावर जाणारा, हा वर्ग दुचाकीवर हौसेने बसलेला नाही. एसटीची गाडी वेळेवर येत नाही आणि शहरातील बस भरून वाहते, म्हणून त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली आहे. सार्वजनिक वाहतुकीची जी आबाळ राज्यकर्त्यांनी केली, तिची किंमत या वर्गाने प्रथम कर्जाच्या रूपाने आणि नंतर हाडामांसाच्या रूपाने मोजली आहे.

त्याच अहवालात चालक मोबाइल वापरत असल्यामुळे झालेल्या मृत्यूंची संख्या ३,३९५ दिली आहे. अतिवेगामुळे झालेल्या मृत्यूंची १,१९,९०४. हे आकडे पाहून कोणाचा असा समज होईल की मोबाइल हे किरकोळ कारण आहे. आकडा कसा जन्माला येतो हे ज्याला ठाऊक आहे, तो असे म्हणणार नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही पोलीस ठाण्यातील अपघाताची फिर्याद उघडून पाहावी. ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’ हे शब्द तेथे ठशासारखे उमटलेले असतात. हयगय कोणत्या प्रकारची, अविचार कोणता, दुर्लक्ष कशामुळे, हे लिहिण्याची पद्धत नाही. ठशात ‘भरधाव’ हा शब्द आधी आहे, म्हणून तक्त्यात अतिवेगाचा रकाना भरतो. मोबाइलच्या रकान्यात तेवढीच प्रकरणे जातात, जेथे कोणी पाहिले, सांगितले आणि ते लिहूनही घेतले गेले. तेव्हा ३,३९५ हा आकडा मोबाइलच्या बळींचा नसून पोलिसांच्या जिज्ञासेचा आहे, असेच म्हणावे लागते.

वास्तविक पाहता हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे सतरा मीटर अंतर कापते. आलेला निरोप वाचण्यासाठी चालकाने तीन सेकंद मान खाली घातली, तर पन्नास मीटर रस्ता त्याने डोळे मिटून पार केला. समोर ट्रक असता तर तो डोळ्याच्या कोपऱ्यातूनही जाणवला असता. दुचाकीची आकृती अरुंद, ती जाणवत नाही. टोरांटो येथील दोन संशोधकांनी १९९७ साली ६९९ चालकांच्या दूरध्वनी-नोंदी तपासून दाखविले की संभाषण चालू असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि यंत्र हातात न धरता बोलल्यानेही तो कमी झाल्याचे आढळत नाही. त्या गोष्टीला पाव शतक उलटून गेले. हे अज्ञान आता कोणाला सांगता येणार नाही. टायर फुटणे हा अपघात होय. वाहन चालविताना मोबाइल उचलणे ही निवड आहे.

कायद्याने ही निवड कितपत ओळखली आहे? भारतीय दंड संहितेत ३०४-अ हे कलम १८७० साली घालण्यात आले. हयगयीने मृत्यू घडविल्यास अधिकात अधिक दोन वर्षे कैद, असा त्याचा आशय होता. ते घडले तेव्हा या देशात मोटार नव्हती. बैलगाडी आणि घोडागाडीच्या काळातील ती दोन वर्षे १ जुलै २०२४ पर्यंत जशीच्या तशी राहिली. नव्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने ती पाच केली. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्कयंत्राचा वापर हा धोकादायक वाहनचालनाचा एक प्रकार म्हणून स्पष्टपणे नोंदविला गेला. तथापि १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने मार्ग पाहण्यापुरती यंत्र वापरण्याची मुभाही दिली. लक्ष विचलित होऊ नये अशी अट तीत आहे खरी. पण ‘नकाशा पाहत होतो’ हा बचाव सरकारनेच चालकाच्या हाती ठेवला, हेही खरे.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. चालविणारा अल्पवयीन होता. त्याला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा सारा देश संतापला. तो संताप योग्यच होता. परंतु ते प्रकरण मद्याचे आणि श्रीमंतीचे होते, त्यात नाट्य होते. मद्य रक्तात सापडते; लक्ष कोठे होते हे रक्तात सापडत नाही. कोणत्याही नाट्याविना, शुद्धीवर असलेल्या, सुस्वभावी, करदात्या नागरिकाने ‘निघालोय, पोहोचतोच’ एवढे टंकलिखित करण्यासाठी ज्याला मारले, त्याच्यासाठी कोणी मेणबत्त्या लावीत नाही. त्या चालकाला तर तीनशे शब्दही लिहावे लागत नाहीत.

उलट प्रश्न विचारले जातात ते मृताला. हेल्मेट होते काय? परवाना होता काय? दुचाकीवर तिघे कसे? हेल्मेट आवश्यकच आहे, त्याविषयी वाद नाही. पण मागून येणाऱ्याचे लक्ष नसणे हा हेल्मेट नसण्याचा परिणाम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये नेमके हेच सांगितले. दिल्लीत तिघे बसलेल्या एका मोटारसायकलला मोटारीने मागून धडक दिली आणि तेवीस वर्षांचा एक तरुण दगावला. तिघे बसले होते म्हणून उच्च न्यायालयाने भरपाईतून दहा टक्के कापले. तिघे बसणे हा नियमभंग असेल, पण अपघाताशी त्याचा कार्यकारणसंबंध दाखविल्यावाचून मृताला दोषी धरता येणार नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. खालच्या पातळीवर, पंचनाम्यात आणि विमा कंपनीच्या जबाबात, ही शिकवण अजून उतरायची आहे.

आता पैशाचा हिशेब पाहू. महिना १२ हजार रुपये मिळविणारा, पंचवीस वर्षांचा, अविवाहित, स्वतःचा छोटा व्यवसाय करणारा तरुण दगावला, असे समजा. न्यायालयांनी घालून दिलेल्या रीतीप्रमाणे वार्षिक उत्पन्नात भावी वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी निम्मे वजा करायचे आणि उरलेल्यास अठराने गुणायचे. उत्तर येते १८,१४,४०० रुपये. वर अंत्यसंस्कार इत्यादींच्या किरकोळ रकमा. लाख-सव्वा लाख पगाराच्या माणसाची किंमत याच रीतीने दसपट होते. गरिबाचे मरण स्वस्त ठरविणारी ही गणितपद्धती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे मुद्दा निराळा : ही रक्कम देतो कोण? विमा कंपनी. चालकाच्या खात्यातून एक छदामही जात नाही. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या घनक्षमतेवरून ठरतो. जून २०२२ च्या दरांप्रमाणे दीड हजार घनसेंटिमीटरवरील खाजगी मोटारीला तो ७,८९७ रुपये होता. वीस वर्षे निर्दोष गाडी चालविणाऱ्याला तेवढाच आणि मोबाइलवर बोलता बोलता एकाचा जीव घेणाऱ्यालाही तेवढाच. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की ज्या कृत्याचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो, ते कृत्य समाजात प्रमाणाबाहेर घडते.

विमा असावाच, मृताच्या आईला भरपाईसाठी चालकाची ऐपत शोधत हिंडावे लागू नये. परंतु दारू पिऊन गाडी चालविणे हे विमा कंपनीला आक्षेप घेण्याचे कारण म्हणून कायद्याच्या १५० व्या कलमात आता आहे. मोबाइल तेथे नाही. तो तेथे आणावा, मात्र एका कडक अटीवर : कंपनीने कुटुंबाला पूर्ण रक्कम आधी द्यावी आणि मग तिचा ठराविक भाग मोटारमालकाकडून वसूल करावा. ही अट सोडून केलेली दुरुस्ती कंपन्यांचा नफा वाढवील आणि विधवेच्या ताटातील भाकरी काढून घेईल.

येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांना अडचणीचा वाटणारा प्रश्न येतो. १ जानेवारी २०२४ रोजी देशभरातील ट्रकचालकांनी चक्काजाम केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अपघातानंतर न कळविता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या संहितेतील तरतुदीविरुद्ध तो संप होता. सरकार दोन दिवसांत नमले, आणि संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम वगळूनच आली. चालकांच्या संघटनांत काम करणाऱ्या अनेकांची सहानुभूती संपाला होती आणि ती अस्थानी नव्हती. जमावाच्या भीतीने पळणारा ट्रकचालक आणि वकिलाला फोन लावीत पळणारा मोटारमालक यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. पण त्या सहानुभूतीचा अर्थ ‘चालकाला काही विचारू नका’ असा लावला जात असेल, तर तो चुकीचा आहे. मेलेला दुचाकीस्वारही कामगारच होता. त्याची संघटना नाही, आणि मेलेला माणूस चक्काजाम करू शकत नाही.

शिक्षा किती वर्षांची यावरील वाद काहीसा फसवा आहे. दहा वर्षांची शिक्षा कागदावर असून तपास होत नसेल, तर ती कोणालाच लागू होत नाही. सहा महिन्यांची शिक्षा खात्रीने होत असेल, तर हात आपोआप मोबाइलपासून दूर राहतो. म्हणून मागणी असली पाहिजे ती तपासाची. प्रत्येक प्राणांतिक अपघातात चालकाचा मोबाइल जागेवरच ताब्यात घ्यावा, त्याची नोंद पंचनाम्यात व्हावी, आणि अपघाताच्या वेळेच्या आगेमागच्या कॉलची नोंद दूरध्वनी कंपनीकडून मागवावी. निरोप वाचणे आणि चित्रफीत पाहणे कॉलच्या नोंदीत दिसत नाही, म्हणून यंत्राचीही तपासणी हवी. अर्थात हे न्यायालयाच्या देखरेखीखाली आणि त्या काही मिनिटांपुरतेच. पोलिसांना नागरिकांचे मोबाइल उघडण्याचा मोकळा परवाना देण्याइतका हा देश अजून निर्धास्त झालेला नाही.

आणि कॉलच्या नोंदीत एक नव्हे, दोन क्रमांक असतात. दुसरा क्रमांक कोणाचा, हा प्रश्न समाजवाद्यांनी विचारायचा नाही तर कोणी? ‘कोठे पोहोचलास’ म्हणून दर अर्ध्या तासाला ट्रकचालकाला विचारणारा वाहतूकदार, रस्त्यावर असलेल्या विक्री प्रतिनिधीला उत्तर देण्यास भाग पाडणारा साहेब, टॅक्सीचालकाला गाडी चालू असतानाच पुढचे भाडे काही सेकंदांत स्वीकारण्यास सांगणारी कंपनी, हे सगळे त्या दुसऱ्या क्रमांकाच्या टोकाला असतात. घरपोच माल पोहोचविणारा पोरगा तर एकाच वेळी बळीही असतो आणि बेसावध चालकही; त्याच्या हँडलवरील पडद्यावर मिनिटे उलटी मोजली जात असतात. (हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये मोबाइल खोचून जाणारे दुचाकीस्वार काही थोडे नाहीत, हेही येथे मान्य केले पाहिजे.) मोटार वाहन कायद्याचे १८८ वे कलम सांगते की १८४ व्या कलमाखालील गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यास मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होईल. अल्पवयीनाच्या हाती गाडी गेली तर पालकाला किंवा मालकाला दोषी धरणारे १९९-अ कलम २०१९ पासून कायद्यात आहे. म्हणजे गाडीबाहेरच्या माणसाला जबाबदार धरण्याचे तत्त्व भारतीय कायद्याला परके नाही. चालक गाडीवर आहे हे ठाऊक असून त्याला फोन करणाऱ्या मालकाविरुद्ध १८८ वे कलम लावून पाहण्यास आज कोणाचीही आडकाठी नाही. ते न्यायालयात टिकते की नाही हे प्रकरण दाखल केल्यावरच कळेल.

तालुक्यातालुक्यातील कार्यकर्त्यांनी यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. मृताच्या घरच्यांना हे बहुधा ठाऊक नसते. तेराव्यापर्यंत ती माणसे शुद्धीवर नसतात. दूरध्वनी कंपन्यांना कॉलच्या नोंदी डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षे जपाव्या लागतात, पण मोबाइलमधील मजकूर पुसायला एक क्षण पुरतो. तेव्हा गावातील कोणी दुचाकीवर गेला, तर अंत्ययात्रेला जाणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी एकाने त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्यावा : चालकाचा मोबाइल जप्त केला काय, केला नसल्यास का नाही, आणि अपघाताच्या वेळी तो कोणाशी बोलत होता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती प्रत घरच्यांच्या हाती द्यावी.