खेप निघण्याआधी

ऑस्ट्रेलियातून जिवंत मेंढ्या किंवा गुरे समुद्रमार्गे परदेशी पाठवायची तर नुसता निर्यात परवाना पुरत नाही. प्रत्येक खेपेआधी सरकारला आगाऊ सूचना द्यावी लागते आणि मंजुरीशिवाय जनावरे जहाजावर चढत नाहीत. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, ही निव्वळ कागदी कटकट आहे. जनावरे चढवण्याआधी पशुवैद्य तपासतो, लंगडे-आजारी जनावर बाजूला काढतोच. म्हणणे रास्त वाटते, पण त्या तपासणीत जनावर पाहिले जाते, प्रवास पाहिला जात नाही. ऑगस्ट 2017मध्ये ‘अवासी एक्स्प्रेस’ हे जहाज ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून आखाताकडे निघाले, तेव्हा त्यावरच्या सुमारे 64 हजार मेंढ्या धडधाकट ठरवूनच चढवल्या होत्या. हिवाळ्यातून त्या थेट आखाताच्या ऐन उन्हाळ्यात गेल्या. मेंढी धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. हवा फार दमट झाली की धापेचा उपयोग होत नाही. खालचा लेंड्यांचा थर भिजून त्याचा चिखल होतो, अमोनियाने डोळे चुरचुरतात, दाटीत पाण्यापर्यंत पोचणेही अवघड होते. सुमारे 2,400 मेंढ्या मेल्या. ऋतू आणि मार्ग विचारात घेतला असता तर हा धोका आधीच कळण्याजोगा होता.

यावर कोणी विचारील, ‘अवासी’लाही मंजुरी मिळालीच होती, मग सूचनेने काय साधले? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पण खोट सूचनेत नव्हती, ती तपासण्याच्या मापात होती. किती मरतील एवढाच अंदाज बांधला जाई. जगलेल्या मेंढ्यांनी काय सोसले ते हिशेबात येत नसे. आखाती उन्हाळ्यातल्या मेंढी-निर्यातीवरच्या 2018च्या मॅकार्थी समीक्षेने मृत्यूऐवजी उष्णतेचा ताण हे माप धरायला सांगितले आणि पुढे आखाती उन्हाळ्यात मेंढ्या पाठवण्यावर बंदी आली. मंजुरी आधी द्यावी लागते म्हणूनच ती कोणी व कशाच्या आधारे दिली, हे विचारता येते.

विलंबाने जनावरांचेच हाल होतात, हे व्यापाऱ्यांचे दुसरे म्हणणे. खरे आहे, पण विलंब कुठे होतो? 2003मध्ये सौदी अरेबियाने ‘कॉर्मो एक्स्प्रेस’ जहाजावरच्या 57 हजारांहून अधिक मेंढ्या रोगाचे कारण देऊन नाकारल्या. दुसरा देश घेईना. अखेर एरिट्रियात उतरवेपर्यंत पाच हजारांवर मेंढ्या दगावल्या. जानेवारी 2024मध्ये लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे ऑस्ट्रेलियाहून निघालेल्या ‘बहिजा’ जहाजाला माघारी बोलवावे लागले. तीच जनावरे आफ्रिकेला वळसा घालून नेण्याचा अर्ज निर्यातदाराने केला, तेव्हा सरकारने तो नाकारला. नकार देता आला, कारण परतलेले जहाज अजून पुन्हा निघाले नव्हते. मंजुरीसाठी थांबताना गोठ्यात चारापाण्यासह काढलेले आठ दिवस आणि भर समुद्रात काढलेले आठ दिवस एकाच तराजूत घालता येत नाहीत.

बंदीवाद्यांना असले नियम म्हणजे क्रौर्याला दिलेला शिक्का वाटतो. न्यूझीलंडने 2023मध्ये समुद्रमार्गे पशुधन निर्यात थांबवली, ऑस्ट्रेलियातून मेंढ्यांची सागरी निर्यात 1 मे 2028पासून बंद होईल. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. पण तोवर निघणाऱ्या मेंढ्यांचे काय, आणि गुरांची निर्यात तर पुढेही चालूच राहणार आहे. हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. जून 2018मध्ये नागपूरहून शारजाला शेळ्या-मेंढ्या विमानाने पाठवण्याचा बेत ऐनवेळी विरोधामुळे रहित झाला. तो वाद श्रद्धा आणि मेंढपाळांची मिळकत यांभोवतीच फिरला. वाट कोणती, उष्मा किती, पलीकडे उतरवून घेण्याची लेखी हमी आहे का, हे प्रश्न अशा खेपेच्या पुरेशा आधी, लेखी आणि उत्तर देणे बंधनकारक करून विचारले गेले पाहिजेत. त्याने धनगराचा माल अडत नाही. अडते ती फक्त ज्या खेपेपाशी उत्तर नाही ती.