फोटोशॉप अडकतंय? नव्या कॉम्प्युटरआधी एक आकडा बघा



"सर, फोटोशॉप लय स्लो चालतंय, नवीन आय-सेव्हन घेऊन टाकू का?" फोटो स्टुडिओ किंवा फ्लेक्सचं दुकान टाकणाऱ्या मुलांकडून मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. काम नेमकं कुठे अडतंय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

विहिरीत पाणी नसताना ३ एचपीची मोटार काढून ५ ची बसवली तर पाणी वाढतं का? नाही ना. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. काम अडलेलं असतं रॅमवर नाहीतर डिस्कवर, आणि आपण पैसे मोजतो प्रोसेसरला. मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. ते सगळं एका मशीनमध्ये घातलं तर प्रिंटर, कागद, दुकानाचं डिपॉझिट कशातून करणार? आणि एवढं करूनही स्पीड आला नाही तर हप्ता काही थांबत नाही.

म्हणून आधी आकडा बघा. फोटोशॉपमध्ये फाईल उघडली की खाली डाव्या कोपऱ्यात एक पट्टी दिसते. तिच्या बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडा. आकडा १०० असेल तर रॅम पुरतेय. १०० च्या खाली गेला तर रॅम संपलीय आणि फोटोशॉप डिस्कवर काम ढकलतंय, ज्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. डिस्क ही रॅमपेक्षा कितीतरी हळू असते, त्यामुळे तिथेच गाडी अडकते.

आता रॅम का संपते ते बघू. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो. त्याआधी ८ बाय ४ फुटाच्या फ्लेक्सच्या ऑर्डरी येतात. नवा मुलगा सवयीने रिझोल्यूशन ३०० ठेवतो. हिशोब करा: २८,८०० गुणिले १४,४०० पिक्सेल, म्हणजे ४१ कोटींहून जास्त. आरजीबीत पूर्ण भरलेला एक लेयर साधारण सव्वा जीबीचा होतो. त्यावर पाच-सहा फोटो आणि शॅडो टाकल्यावर कुठलं मशीन पळेल? तीच फाईल ७२ वर केली तर एक लेयर ७२ एमबीच्या आसपास येतो, म्हणजे सतरा पटीने हलका. रस्त्यावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. १० फुटाचा फ्लेक्स ३०० वर केला तर तो पीएसडीमध्ये सेव्हच होत नाही, कारण त्या फाईलची मर्यादा ३०,००० पिक्सेल आहे.

लग्नाच्या अल्बमचं मात्र वेगळं. १२ बाय ३६ इंचाचं पान माणूस हातात घेऊन बघतो, तिथे ३०० पाहिजेच. एक लेयर सुमारे ११७ एमबीचा होतो, दहा लेयरमध्ये जीबी ओलांडतो. उलट पासपोर्ट फोटोची ४ बाय ६ ची शीट ३०० वरसुद्धा साडेसहा एमबीची असते. फक्त पासपोर्ट आणि झेरॉक्सचं दुकान टाकणाऱ्याने आय-सेव्हन कशाला घ्यायचं? मशीन कामाच्या मापाने घ्या, शेजारच्या दुकानाकडे बघून नको.

दुसरी जागा म्हणजे सी ड्राइव्ह. लग्नाचे फोल्डर आपण डेस्कटॉपवर टाकतो, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हमध्ये. तो भरला की स्क्रॅच डिस्कला जागाच उरत नाही. फोल्डर दुसरीकडे हलवा. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून थेट फाईल उघडू नका, आधी कॉपी करा.

तिसरी जागा, फॉन्ट. आपल्याकडे मराठी फॉन्टची जी सीडी मिळेल ती इन्स्टॉल करतात. हजार फॉन्ट पडले की सॉफ्टवेअर उघडायलाच वेळ लागतो. रोजचे वीस-पंचवीस ठेवा, बाकीचे फोल्डरमध्ये राहू द्या.

चौथी, गरमी. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे मे महिन्यात दुकान कसं तापतं ते मी सांगायला नको. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. फॅनमधली धूळ काढा, सीपीयू भिंतीपासून थोडा लांब ठेवा.

क्रॅकबद्दलही बोलतो. अँटीव्हायरस बंद करून टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या मागे काय काय चालू होतं ते आपल्याला दिसत नाही. शिवाय ते बेकायदा आहे. फोटोशॉप परवडत नसेल तर गिंप फुकट आहे, पासपोर्टचं काम त्यात आरामात होतं.

मग नवं मशीन कधीच घ्यायचं नाही का? घ्यायचं, पण क्रमाने. आधी फुकटातले हे उपाय करा. मग हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, जुनी हार्ड डिस्क १००-१५० वर थांबते. मग रॅम वाढवा. अडोबी स्वतः किमान ८ जीबी आणि शक्यतो १६ जीबी रॅम सांगते. एवढं करूनही आकडा १०० आहे आणि तरी काम अडतंय, किंवा मशीनमध्ये रॅम वाढवायला जागाच नाही, तर खुशाल नवं घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेही हिशोबात धरा.

आज दुकान बंद करण्याआधी वहीत एक पान आखा: कोणतं काम, किती साईज, एफिशियन्सी किती. आठ दिवस लिहा. नंतर कॉम्प्युटरवाल्याकडे जाल तेव्हा ते पान सोबत न्या. काय विकत घ्यायचं ते तुम्ही त्याला सांगाल, तो तुम्हाला नाही.