कापसातला कचरा आणि इंजिनातला कचरा

आपली कापसाची गाडी केंद्रावर लागली की ग्रेडर मूठभर कापूस उचलतो, नाकासमोर धरतो, पाकळी ओढून पाहतो. कवडी किती, काडीकचरा किती, ओल किती, हे दोन मिनिटांत ठरते. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्के असेल तरच पूर्ण हमीभाव. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर गेला तर गाडी परत. व्यापाऱ्याकडे तर कडता वेगळा, हमाली वेगळी. माल आपला, दोष आपला, तोटाही आपला. यात नवे काही नाही, पिढ्यान् पिढ्या आपण हे भोगत आलो आहोत.

आता दुसऱ्या टोकाचा माल पाहू. अमेरिकेतली जनरल मोटर्स ही जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक. एप्रिल २०२५ मध्ये या कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख आणि जगभर मिळून सुमारे ७ लाख २१ हजार गाड्या परत तपासणीला बोलावल्या. शेव्हरले सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा हे पिकअप ट्रक आणि टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड या मोठ्या गाड्या. सगळ्या २०२१ ते २०२४ सालच्या, आणि सगळ्यांत ६.२ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. कारण काय? वंगणाच्या वाटांमध्ये राहून गेलेला गाळ, आणि ठरलेल्या मापात न बसणारा, नीट घासला न गेलेला क्रँकशाफ्ट. चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडू लागले. म्हणजे कचरा तिथेही निघाला. फरक एवढाच, की त्या कचऱ्याचा कडता विकणाऱ्याने दिला नाही. पूर्ण किंमत मोजून तो गिऱ्हाइकाने घरी नेला.

हा एकट्या जनरल मोटर्सचा प्रकार असता तर आम्ही अग्रलेख खर्ची घातला नसता. नोव्हेंबर २०२३ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत रिजलाइन हा पिकअपही होता. क्रँकशाफ्ट घासणाऱ्या यंत्राची जुळणी चुकली होती. मे २०२४ मध्ये टोयोटाने टुंड्रा पिकअप आणि लेक्सस मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्यांबद्दल तोच कबुलीजबाब दिला: इंजिन घडवताना पडलेला धातूचा कीस आतच राहून गेला. त्या गाड्यांना नवी इंजिने बसवण्याचे जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले. प्रश्न संपला असे वाटत असतानाच नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्या यादीत आल्या. तीन कंपन्या, दोन वर्षे, आणि दुखणे एकाच जागी: बेअरिंग.

हे दुखणे समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना त्यात वाळू गेली तर काय होते हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. इंजिनात पिस्टनची वरखाली चाल कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टला मिळते आणि ती गोल फिरते. हा शाफ्ट बेअरिंगवर फिरतो म्हणतात, पण खरे पाहता तो फिरतो तेलाच्या थरावर. हा थर केसाहूनही पातळ. तो आहे तोवर लोखंड लोखंडाला लागत नाही. त्या थरात कीस शिरला की बेअरिंगला ओरखडा पडतो, ओरखड्यातून तेल निसटते, धातू धातूला घासतो, तापतो, आणि एक दिवस इंजिन जाम होते. कधी रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. हमरस्त्यावर भरधाव जाताना हे घडले तर माणसे मरू शकतात.

जनरल मोटर्सने केलेला उपाय तर डोळे उघडून पाहण्यासारखा आहे. आधी गाडी तपासायची. तपासणीत नापास झाली तर इंजिन दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचे. पास झाली तर तेल बदलायचे: आतापर्यंत झिरो-डब्ल्यू-२० हे पातळ तेल घाला असे सांगितले होते, आता झिरो-डब्ल्यू-४० हे जाड तेल घाला. तेलाच्या तोंडाचे झाकण नवे, माहितीपुस्तकात एक नवे पान. पातळ तेलाने इंजिनावरचा भार थोडा हलका होतो आणि गाडी गॅलनमागे थोडे जास्त अंतर कापते. सरकारने इंधनबचतीचे नियम कडक केले तसे तेल पातळ होत गेले. तेलाचा थर जितका पातळ, तितका कारखाना स्वच्छ आणि माप अचूक हवे. एक काटकसर करायची तर दुसरीकडे जास्त काळजी घ्यावी लागते. काटकसर केली आणि काळजी राहिली, तर इंजिन माफ करत नाही.

कंपनीच्या अंदाजाप्रमाणे यातल्या ३ टक्के गाड्यांत दोष असावा. सहा लाखांचे तीन टक्के म्हणजे अठरा हजार. तक्रारी आणि घटनांची नोंद मात्र कंपनीच्याच कागदांप्रमाणे २८ हजारांवर होती, आणि त्यातल्या १४ हजारांवर नोंदींत चालत्या गाडीचा जोर गेल्याची तक्रार होती. सगळ्याच तक्रारी याच दोषाच्या असतील असे आम्ही म्हणत नाही. पण २८ हजार माणसे ओरडेपर्यंत वाट का पाहावी लागली, हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने जानेवारी २०२५ मध्ये चौकशी उघडली. त्याआधी कंपनीने स्वतः याच इंजिनांचा तीनदा तपास करून फाइल बंद केली होती. सरकारी डोळा लागल्यावर तीन महिन्यांत तीच फाइल उघडली आणि दोषही सापडला.

मग मोटार कारखान्यांची गुणवत्ता खरोखरच घसरली काय? उत्तर देताना तराजू सरळ धरला पाहिजे. गाड्या परत बोलावणे म्हणजेच घसरण, असे नाही. दोष लपवणाऱ्यापेक्षा दोष जाहीर करणारा बरा. आपल्याकडे परवाना राज्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि मिळेल ती गाडी देवाचा प्रसाद म्हणून घ्यावी लागे. तेव्हा एकही गाडी परत बोलावली गेली नसेल. याचा अर्थ त्या निर्दोष होत्या असा कोणी काढणार नाही. गिऱ्हाइकाला दुसरे दार नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पण ही दुसरी बाजू मान्य करूनही काही गोष्टी खटकतात. टोयोटाचे उदाहरण घ्या. हे घराणे मूळचे मोटारीचे नव्हे, मागाचे. साकिची टोयोडा यांनी सूत तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. १९२४ चा त्यांचा स्वयंचलित माग जगभर नावाजला गेला, १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले आणि तिथूनच पुढे मोटारीच्या धंद्याची वाट निघाली. एक धागा तुटला तरी माग थांबला पाहिजे, वाईट कापड एक हातही पुढे जाता कामा नये, हे त्या घराण्याचे तत्त्व. पुढे त्यांच्या मोटार कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार मिळाला. जगाने हा धडा त्यांच्याकडून घेतला. त्याच घराण्याच्या इंजिनात कीस राहून जातो आणि लाखावर गाड्या रस्त्यावर आल्यावर कळते, तेव्हा दोरी ओढणारा हात कुठे थबकला हे विचारावेच लागते. जनरल मोटर्सच्या बाबतीत दोषाचे मूळ सुटे भाग पुरवणाऱ्याकडच्या कामात सापडले. भाग बाहेरून घ्यावेत, त्यात वाईट काही नाही. पण गाडीवर नाव ज्याचे, जबाबदारीही त्याचीच.

हे सारे अमेरिकेचे झाले. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्याच नाशिकच्या कारखान्यात २१ जून ते २ जुलै २०२१ या काळात तयार झालेल्या महिंद्राच्या सहाशेहून कमी डिझेल गाड्या कंपनीने परत बोलावल्या. कारखान्यात एका दिवशी आलेले इंधन दूषित निघाले आणि त्याने इंजिनाचे भाग अकाली झिजण्याचा धोका होता. तारीख सापडली, घाण सापडली, गाड्या मोजक्या होत्या आणि महिन्याच्या आत गिऱ्हाइकांना कळवण्याचे काम सुरू झाले. हे चांगले झाले, आणि ते चांगले म्हटलेच पाहिजे. ज्याच्याकडे नोंद नीट असते त्याला दोष आटोक्यात ठेवता येतो. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो तो याचसाठी.

आपल्या देशात २०१२ पासून वाहन कारखानदारांच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती. ऐच्छिक म्हणजे मनाला येईल तेव्हा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. ठराविक संख्येने तक्रारी आल्या तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. गाडी मात्र सात वर्षांच्या आतली हवी. आणि दोष असा हवा, की त्यापासून पर्यावरणाला किंवा गाडीतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांना धोका आहे.

ग्यानबाची मेख इथेच आहे. दोषामुळे माणूस मरेल तर कायदा जागा होतो. दोषामुळे माणूस नुसता बुडेल तर कायदा कूस बदलून झोपतो. कर्ज काढून घेतलेला छोटा टेम्पो ऐन वेचणीत चार दिवस उभा राहिला, तर बँकेचा हप्ता थांबत नाही, वेचलेला कापूस घरात पडून राहतो आणि भाव काय वाट पाहत बसत नाही. कंपनी भाग फुकट बदलून देईलही. पण त्या चार दिवसांचा कडता कोण देणार? विहिरीवरचा पंप, फवारणीचा पंप, मळणीयंत्र ही तर मोटार वाहन कायद्यात येतच नाहीत.

तोवर हातात जे आहे ते वापरले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक ठरतो. शेतकरीही ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्याच्या दाव्यांत २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पण तोंडी तक्रारीला तिथे किंमत शून्य. म्हणून उगवण होऊन पीक हाती येईपर्यंत आपण बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती जपतो, तसेच गाडीचे बिल, प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉबकार्ड, कोणते तेल घातले त्याची पावती जपा. गाडी बिघडली की शोरूममध्ये भांडून परत येऊ नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, कारण तिथे तक्रारींची संख्याच बोलते. जुनी गाडी घेणाऱ्याने चेसिस नंबर देऊन ती परत बोलावलेल्या यादीत होती काय, हे विचारूनच पैसे मोजावेत.

आमची मागणी साधी आहे. परत बोलावलेल्या गाड्यांची यादी मराठीत प्रत्येक आरटीओ कचेरीत आणि विक्रेत्याच्या दारावर लागली पाहिजे. शेतीची यंत्रे आणि पंप यांनाही तसाच कायदा हवा. आणि कारखान्याच्या चुकीने गाडी जितके दिवस उभी राहील, तितक्या दिवसांची भरपाई कारखान्याने दिली पाहिजे. यात भीक नाही, सवलत नाही. आपल्या कापसातल्या काडीकचऱ्याला जो न्याय लावला जातो, तोच न्याय त्यांच्या इंजिनातल्या किसाला लावा, इतकेच आमचे म्हणणे. जिल्ह्याच्या बैठकीला येताना ज्याच्या घरी असे बंद पडलेले यंत्र उभे असेल त्याने त्याचे कागद बरोबर आणावेत. एकेकटी तक्रार शोरूमच्या टोपलीत जाते. पन्नास कागद एकत्र आले तर त्यांचा विचार करावाच लागतो.