मणिपूरसाठी प्रार्थना केली, पण नक्की कोणासाठी?

मंडळीतल्या भावाबहिणींनो, आज थोडं कडू लिहितोय. राग आला तर बोला, पण आधी पूर्ण वाचा.

३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं. पुढचे दोन-तीन रविवार आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत मणिपूरचं नाव आलं. जळणाऱ्या चर्चचे व्हिडिओ फिरत होते, डोळ्यांत पाणी होतं. मग पाऊस आला, शाळा सुरू झाल्या आणि मणिपूर "सर्व जगात शांती नांदो" या एका वाक्यात जाऊन बसलं. दहा सेकंद. आमेन. पुढे सूचना! तिकडे अडीचशेहून जास्त माणसं गेली, साठ हजारांच्या आसपास लोकांची घरं सुटली. त्यातले हजारो दोन वर्षांनंतरही छावण्यांतच होते.

पण विसरण्यापेक्षा मोठी चूक वेगळी आहे. आपण प्रार्थना केली ती फक्त "आपल्या" लोकांसाठी. कुकी-झो बहुतांश ख्रिस्ती, म्हणून ते आपले. मैतेई बहुतांश हिंदू, म्हणून ते "ते". मी पण तशीच केली, खोटं कशाला बोलू? पण इम्फाळच्या खोऱ्यात मैतेई ख्रिस्ती लोकांचीही चर्च जाळली गेली. डोंगराकडे मैतेईंची घरं आणि देवळंही जळली. भांडणात जमीन आहे, आरक्षण आहे, सत्ता आहे. एकाच बाजूसाठी हात जोडले तर ती प्रार्थना नाही, घोषणा आहे.

शत्रूवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे डोंगरावरच्या प्रवचनात आपणच शिकलो ना? यिर्मयाने तर बाबेलात बंदी करून नेलेल्यांना त्याच बाबेलच्या शांतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. आपल्याला पुण्या-नगरात पंख्याखाली बसून तेवढंही जमू नये?

कोणी म्हणेल, मग न्यायाचं काय? न्याय मागायचाच. ज्या बायकांची धिंड काढली त्यांना न्याय मिळावा, हे वेदीसमोर मोठ्याने म्हणायचं. याला "चर्चमध्ये राजकारण नको" म्हणणाऱ्यांनी सांगावं, संदेष्टे दुसरं काय करत होते?

पोप फ्रान्सिस गाझातल्या होली फॅमिली चर्चला जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे. कसे आहात, काय खाल्लंत, एवढंच. एप्रिल २०२५ मध्ये निधन होईपर्यंत, आजारपणातही, त्यांनी हा नेम शक्य तितका पाळला. आपण कॅथलिक असू वा नसू, चिकाटी यांच्याकडून शिकावी.

म्हणून पाळकांना आणि पंचांना विनंती. महिन्यातून एक रविवार ठरवा. प्रार्थनेआधी पाच मिनिटं तिथली खरी परिस्थिती वाचून दाखवा. गावांची नावं घ्या: चुराचांदपूर, कांगपोकपी, मोरे, इम्फाळ. दोन्ही समाजांची नावं घ्या. छावणीतल्या मुलांच्या शाळेसाठी मागा, बंदूक धरलेल्या पोरांसाठी मागा, सरकारला लाज वाटावी म्हणूनही मागा. त्या दिवशीच्या दानातला काही भाग छावण्यांसाठी काढा. पुण्यात शिकणारी मणिपूरची मुलं आहेत, दोन्हीकडची. त्यांना जेवायला बोलवा आणि ऐका.

आणि एक शेवटचं. गुडघ्यांवरून उठल्यावर ग्रुपवर विखारी व्हिडिओ फॉरवर्ड करणार असाल, तर ती प्रार्थना आधीच मागे घ्या.