मुळगावकरांचे गुरू गुलबर्ग्याचे

गुलबर्ग्याची संस्कृती कोणी घडवली याचा निकाल या आठवड्यात लागला म्हणे. एका गुळगुळीत स्मरणिकेत ‘नगरीचे शिल्पकार’ रंगीत फोटोंसह हजर आहेत: आमदार, बिल्डर, कोचिंग क्लासचे मालक आणि, कशासाठी कोण जाणे, विमानतळ. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये तिथून विमानसेवा सुरू झाली, एवढं खरं.

चित्रकार मात्र एकच, आणि तोही एका इमारतीच्या फोटोखाली. शहरातल्या रंगमंदिराला डॉ. एस. एम. पंडितांचं नाव दिलं आहे. आता ज्यांनी त्यांचं एकही चित्र पाहिलेलं नाही, त्यांनी पंडितांना नाटकवाले समजावं यात नवल ते काय? माणसाचं नाव एकदा सभागृहाला दिलं की माणसाबद्दल बोलायची जबाबदारी संपते, हे आपल्याकडचं जुनं तंत्र. कर्नाटक असो की महाराष्ट्र, या एका बाबतीत सीमावाद नाही.

सांबानंद मोनप्पा पंडित १९१६ साली गुलबर्ग्यात जन्मले. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी इथल्याच शंकरराव आळंदकरांकडे गिरवले. पुढे मुंबई. मेट्रो टॉकीजसाठी हॉलिवूडच्या चित्रपटांची जाहिरातचित्रं, बाबुराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठं, आणि मग देवादिकांची कॅलेंडरं. त्यांचे राम, कृष्ण, शिव दुकानांतून आणि देवघरांतून देशभर पोचले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला एक गोवेकर तरुण म्हणजे रघुवीर मुळगावकर. मराठी घरात दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आणि भिंतीवर जी मुळगावकरी लक्ष्मी-सरस्वती दोन पिढ्यांनी पाहिली, तिच्या मागे अशी ही गुलबर्ग्याची ओळ आहे. पुण्या-मुंबईला ती माहीत नसली तर समजू शकतं. गुलबर्ग्यालाच माहीत नसावी?

आता पंडितांच्या शेजारी बिदरचे बिदरी कारागीर शाह रशीद अहमद क़ादरी ठेवून पाहावेत. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं, पण कलेची जात अगदी उलटी. पंडितांचं सामान पेटीत मावणारं होतं: रंग, कुंचले, कागद. ते घेऊन गडी मुंबईला गेला, छापखान्याने हात दिला आणि एका चित्राच्या प्रती किती निघाल्या याचा हिशेब राहिला नाही. बिदरी कामाला असं गाव सोडता येत नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून घाट ओततात, कानशीने घासतात, मोरचूद चोळून तात्पुरता काळा करतात म्हणजे कोरलेली रेघ डोळ्यांना दिसावी. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवायची. मग पुन्हा घासलं की सगळंच पांढुरकं होतं. चांदी कुठली आणि जस्त कुठलं, सांगता येत नाही. शेवटी वस्तू जराशी तापवून नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती यांचा लेप चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच लखलखीत राहते. दुसरीकडची माती असा काळा रंग देत नाही, असं कारागीर सांगतात.

म्हणजे एकाला बाहेर जाणं भाग होतं आणि दुसऱ्याला राहणं. आपल्याकडे कौतुक मात्र फक्त जाणाऱ्याचं होतं, आणि राहणाऱ्याचं झालंच तर दिल्लीने शिक्का मारल्यावर. बिदरीला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. क़ादरींना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्यानंतर त्यांच्या कामाबद्दल किती छापून आलं? भाजपच्या राजवटीत आपल्याला हा मान मिळेल असं वाटलं नव्हतं, पण तुम्ही तो समज खोटा ठरवला, असं ते पंतप्रधानांना म्हणाले. त्या एका वाक्यावर वाहिन्यांनी आठवडा काढला. चांदीचा भाव वाढला की बिदरीवाल्याने काय करायचं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

या दोघांतलं साम्य मात्र स्मरणिकेवाल्यांच्या नजरेतून पार निसटलं आहे. दोघांनाही शिकवणारा माणूस घराजवळ सापडला. क़ादरींना तो घरातच मिळाला, वडिलांच्या रूपाने, पंडितांना गावात. आळंदकरांचा फोटो स्मरणिकेत नाही, हे सांगायला नकोच. शिकवणाऱ्यांची गोष्ट या भागात जुनीच आहे. गुलबर्ग्यातच १९०७ साली नूतन विद्यालय उभं राहिलं, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सरकारदरबारी उर्दूचा दबदबा. तिकडे बिदरजवळच्या भालकीत मठाचे चन्नबसव पट्टद्देवरू शाळेबाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवत, ही गोष्ट भालकीकर आजही चवीने सांगतात. शहरं अशा माणसांवर वाढतात, असं या सदराचं आपलं एक वेड आहे. त्याला आकडेवारीचा आधार नाही, आणि ती गोळा करायला कोणी पैसेही देणार नाही.

पैसे आहेत ते सीमेवरच्या दाव्यांसाठी. १९५६ साली बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले; उदगीर, निलंगा, अहमदपूर आजच्या महाराष्ट्राकडे आले, भालकी-औराद आजच्या कर्नाटकात राहिले. सीमाभागातल्या गावांवरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गावांची यादी दोन्ही सरकारांना पाठ आहे. त्या गावांतल्या मराठी आणि कन्नड शाळांत आज चित्रकलेला शिक्षक आहे का, एवढी एक यादी बंगळुरू आणि मुंबईने आपापल्या खर्चाने करावी. स्मरणिकेपेक्षा ती स्वस्तात होईल, आणि गुळगुळीत कागदही लागणार नाही.

— सीमावासी