कोयनेच्या पाण्याच्या हिशेबात समुद्रालाही धरा

प्रति,
मा. सचिव, जलसंपदा विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय : कोयनेच्या अवजलाबाबत निर्णय घेण्यापूर्वी दाभोळ खाडीचा अभ्यास करण्याबाबत



आमच्या पोफळीच्या डोंगरात १९६२ पासून वीज तयार होते. कृष्णेच्या खोऱ्यातल्या कोयनेचे पाणी सह्याद्रीखालच्या बोगद्यांतून येऊन जनित्रे फिरवते, कोळकेवाडीच्या धरणात थांबते आणि अलोऱ्याच्या वीजगृहातून अवजल म्हणून, म्हणजे वीज करून उरलेले पाणी म्हणून, वाशिष्ठी नदीला मिळते. या वळवलेल्या पाण्यासाठी कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. वर्षाची सरासरी काढली तर सेकंदाला साठ हजार लिटर. या पाण्याने महाराष्ट्र उजळला आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण सरकारी हिशेब वीजगृहापाशी थांबतो. पाणी थांबत नाही. एरवी बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते पाणी साठहून अधिक वर्षे वाशिष्ठीच्या दाभोळ खाडीच्या मुखातून अरबी समुद्रात जात आहे.

कोकणातल्या नद्या आषाढात दुथडी वाहतात आणि वैशाखात त्यांची डबकी उरतात. खाडीतल्या जिवांचे वर्ष याच चढउतारावर बेतलेले असते. पावसात गोडे पाणी येते, दिवाळीनंतर खारेपणा हळूहळू चढतो. तिसऱ्या, कालवे, कोळंबी यांची वाढ आणि वीण त्यावर अवलंबून असते. वाशिष्ठीत मात्र भर उन्हाळ्यातही गोडे पाणी येते, तेही विजेच्या मागणीनुसार कमी-जास्त. राज्यात संध्याकाळचे दिवे लागतात तेव्हा इथला विसर्ग वाढतो.

त्याच दाभोळ खाडीत लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी जाते. मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी खाडीकाठचे भोई बांधव वर्षानुवर्षे करत आले आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रदूषणाची दखल घेतली होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणपाशी वाशिष्ठीतला गाळ उपसण्याचे काम झाले. शहरासाठी ते हवेच होते. परंतु नदीत आपण जे जे करतो, त्याचा शेवटचा धनी समुद्र असतो.

नदीला हात लावला की समुद्र कसा बदलतो, हे इजिप्तने पाहिले आहे. १९६४ मध्ये आस्वानच्या धरणाने नाईलचा पूर अडवला आणि पुराबरोबर येणारी पोषक द्रव्ये थांबताच किनाऱ्यावरची तारलीची मासेमारी काही वर्षांतच कोसळली. तिथे पाणी अडले, इथे वाढले. दोन्हीकडे समुद्राला विचारले कुणीच नाही.

आता हेच अवजल मुंबईपर्यंत नेण्याचे आणि कोकणात वापरण्याचे प्रस्ताव आहेत. मी त्यांना विरोध करत नाही. चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्यांना पाणी मिळालेच पाहिजे. पण साठ वर्षांत या खाडीने वाढीव पाण्याशी जमवून घेतले असेल, तर ते एकाएकी काढून घेणे हा तिच्यावरचा दुसरा आघात ठरेल. शिवाय सांडपाणी तेवढेच राहील आणि त्याला पातळ करणारे पाणी घटेल.

खाडीपुढच्या समुद्राचाही विचार करायला हवा. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. १९९८, २०१६ आणि २०२४ मध्ये जगभर तसे घडले. ती उष्णता रत्नागिरी जिल्ह्यातून थांबवता येणार नाही. नदीतून येणारा गाळ, रसायने आणि पाण्याची वेळ मात्र आपल्याच हातात आहे. तापलेल्या समुद्रावरचे इतके ओझे तरी आपण कमी करू शकतो.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये दाखवले की प्रत्येक पिढी आपण पाहिलेला समुद्रच मूळचा मानते, त्यामुळे झालेली हानी नजरेतून निसटते. दाभोळ खाडीचे तसेच होत आहे. १९६२ पूर्वीची खाडी आठवणारी माणसे आता थोडी उरली आहेत. मात्र प्रवाळाच्या थरांत जशी वर्षे नोंदलेली असतात, तशी खाडीच्या चिखलातही असतात. त्यातले शिंपले, सूक्ष्म जीवांची कवचे आणि धातूंचे अंश वाचता येतात.

म्हणून तीन मागण्या करतो. एक, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांच्याकडून खाडीतल्या गाळाच्या थरांचा अभ्यास करून घ्यावा. १९६२ पूर्वीची खाडी कशी होती हे त्यातून ठरवावे. दोन, अलोऱ्याचा रोजचा विसर्ग आणि खाडीतला खारेपणा, प्राणवायू व प्रदूषके यांची मोजणी एकत्र, दरमहा, मराठीत जाहीर करावी. तीन, खाडीकाठच्या मच्छीमार गावांत जनसुनावणी घेतल्याशिवाय आणि कोणत्या ऋतूत खाडीसाठी किती पाणी सोडायचे हे लेखी ठरवल्याशिवाय अवजलाच्या कोणत्याही योजनेला मंजुरी देऊ नये.

पाण्याचे वाटप करताना आपण वीज, शेती आणि शहर यांचे हक्क मोजतो. त्या यादीत खाडी आणि तिच्यावर जगणारी माणसे यांचा हक्क नोंदवण्याचा अधिकार आपल्या विभागाकडे आहे. पुढच्या योजनेच्या कागदावर सही होण्याआधी तो वापरावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
पोफळीचा एक रहिवासी