भाऊंची उधारीची वही

आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या स्मृतिलेखात देणग्यांची यादी आधी येते. अमुक स्थानकाला खोली, तमुक गोशाळेला चारा. माझ्या वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या, बाबतीत ती सोय नाही. त्यांच्या नावाची कोनशिला कोठेही नाही. १९७४ साली, मोठ्या दुष्काळाच्या झळा ओसरल्यावर, त्यांनी लातूरच्या मोंढ्याजवळ खानावळ काढली आणि २००९ साली देह ठेवेपर्यंत ती चालविली. मागे राहिल्या त्या लाल कापडी बांधणीच्या वह्या.

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, आणि त्या सगळ्या रस्त्यांनी शेतमाल येतो. तूर, उडीद, करडई, पुढे सोयाबीन. शेतकऱ्याने माल आडतीवर उतरवायचा, सौद्याची वाट पाहायची, वजन व्हायचे, मग हिशोबाची पट्टी. हाती पैसा पडेपर्यंत दिवस कलत असे. कधी दुसरा दिवसही उजाडे. तोपर्यंत त्याने जेवायचे कशाच्या बळावर? भाऊंच्या उधारीचा उगम या प्रश्नात होता. नाव, गाव आणि आडत्याचे नाव एवढे लिहिले की ताट वाढले जाई.

खानावळ आपल्या पद्धतीची. कांदा, लसूण, बटाटा, मुळा यांना मज्जाव. पाणी दुपदरी कपड्यातून गाळलेले. बटाट्याच्या जागी कच्ची केळी, अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाजीऐवजी गट्टे किंवा मूग. आता मराठवाड्याच्या शेतकऱ्याला कांद्यावाचून भाकरी म्हणजे शिक्षाच. मंडळी गाठोड्यातून आपला कांदा काढीत आणि बुक्कीने फोडून ताटात घेत. नेमक्या त्या वेळी भाऊ गल्ल्यातली नाणी मोजू लागत. बाईने, म्हणजे माझ्या आईने, एकदा हरकत घेतली. तेव्हा ती ताटे वेगळी घासण्याची व्यवस्था झाली. कांदा आणणाऱ्याला मात्र कोणी काही बोलले नाही.

दुसरा नियम महाग पडणारा होता. सूर्यास्ताच्या आत भट्टी विझत असे. खानावळीच्या धंद्यात रात्रीचे जेवण ही खरी कमाई, हे ज्यांनी असा व्यवसाय केला त्यांना सांगायला नको. महाविद्यालयात असताना मी या नुकसानीचा वर्षाचा आकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळी फळ्या लावल्या.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावोगावची माणसे नुकतीच निजली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. किल्लारीच्या बाजूची गावे आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरकडची गावे आपल्याच घरांच्या जाड दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. किल्लारी लातूरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. सकाळपासून जखमींना घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर शहरात येऊ लागले, सोबत अनवाणी नातलग.

त्या दिवशी सूर्य मावळला आणि भट्टी विझली नाही. भाऊंनी कोणाशी चर्चा केली नाही. दिवे भट्टीपासून लांब बांधा, पातेल्यांवर पातळ कापड ताणून धरा, एकही किडा आत पडता कामा नये, एवढ्याच सूचना. रात्रभर तुरीच्या डाळीची खिचडी शिजत होती, आणि भाऊ स्वतः चौविहार पाळून, पाण्याचा थेंबही न घेता, वाढीत होते. अकरा रात्री हे चालले. भारतीय जैन संघटनेने त्या भागातील बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. त्या कार्यापुढे आमची खिचडी ती काय!

बाराव्या दिवशी भट्टी पुन्हा वेळेवर विझली. भाऊ स्थानकात गेले आणि चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महाराजसाहेबांकडे आलोचना करून त्यांनी रात्रीच्या आरंभाचे प्रायश्चित्त मागून घेतले. पुण्याच्या कामाला प्रायश्चित्त कसले, असे नातेवाईक म्हणू लागले. भाऊंचे उत्तर व्यापाऱ्याचे होते: जमा जमेच्या बाजूला लिहावे, नावे नावेच्या बाजूला, एकातून दुसरे वजा करून मोकळे होऊ नये.

दीड महिन्याने दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडायची म्हणून मी पाने आखून जुन्या बाक्या पुढे ओढीत होतो. भूकंपाच्या पट्ट्यातील गावांची तेवीस खाती निघाली. कोण हयात, कोण गेले, काहीच कळायला मार्ग नव्हता. मी विचारले, "भाऊ, यांच्यापुढे माफ लिहू?"

"माफ करायला त्यांनी गुन्हा केला आहे का? बाकी ओढू नकोस. जुनी वही मात्र जपून ठेव."

पुढच्या उन्हाळ्यात सास्तूरकडचा एक शेतकरी आला. घरातली चार माणसे गेलेली, राहायला पत्र्याची शेड. धोतराच्या सोग्याची गाठ सोडून त्याने नोटा काढल्या. म्हणाला, "शेठजी, आमचं खातं काढा." मी नको म्हणणार तोच भाऊंनी जुनी वही मागविली. रक्कम मोजून घेतली, जमा लिहिली आणि त्याच्यादेखत खात्यावर रेघ ओढली. मग त्याला जेवायला बसविले, आणि त्या जेवणाचेही पैसे घेतले.

तो गेल्यावर बाई संतापली. अकरा रात्री फुकट वाढणाऱ्या माणसाने याच्याकडून ताटाचे पैसे घ्यावेत? भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या रात्री तो गिऱ्हाईक नव्हता. आज गिऱ्हाईक म्हणून आला होता. सगळं गेलं त्याचं, पत तेवढी घेऊन आला. ती मी कशी नाकारू?"

बाईला हे पटले नाही. पुढेही कधी पटले नाही, आणि त्यांच्या संसारातल्या थोड्या उघड मतभेदांपैकी हा एक राहिला.

भाऊंनंतर दोन वर्षांतच खानावळ बंद झाली. धाकट्या भावाने आडत सांभाळली, मी पुण्यात आलो. वह्या माझ्याकडे आहेत. त्या तेवीस खात्यांपैकी नऊ खात्यांवर रेघ आहे. शेवटची रेघ १९९८ सालची. मुलाने येऊन भरलेली रक्कम भाऊंनी बापाच्याच नावावर जमा धरली. उरलेल्या चौदा खात्यांवर त्यांनी अखेरपर्यंत कोणाला रेघ मारू दिली नाही.